कानातला भाऊ

माणसाला छंद असावा, पण तो शेजारीपाजारी सांगता येईल असा असावा, असं ताईचं मत होतं. कोणी तिकिटं जमवतं, कोणी कुंडीत मिरच्या लावतं, कोणी रविवारी गळ टाकून बसतं. तिचा धाकटा भाऊ भाषा बनवायचा. नसलेल्या माणसांच्या, नसलेल्या गावांत बोलल्या जाणाऱ्या भाषा. शाळेत व्याकरण शिकवत होता तोवर हे खपून गेलं. मास्तर लोक जरा चक्रमच असायचे, असं लोक धरून चालतात. मग शाळेने तो विषयच बंद केला, मास्तर घरी बसला, आणि ‘सध्या काय करता’ या साध्या प्रश्नाला उत्तर देताना त्याची पंचाईत होऊ लागली.

त्याला पोपट हे नाव ताईनेच ठेवलेलं. लहानपणी त्याची टकळी अखंड चालू असायची आणि त्यातलं निम्मं कोणाच्या बापाला कळायचं नाही. आई लवकर गेली, वडील कामावर, त्यामुळे ऐकून घ्यायला घरात एकटी ताई. तिने ऐकलं. पुढे तिचं लग्न झालं, नवरा वारला, ती भावाकडे राहायला आली, त्याच्या डोक्यावरचे केस गेले, तरी पोपट पोपटच राहिला आणि ती ऐकतच राहिली. संध्याकाळी कामावरून आली की कोमट पाण्याच्या टबात पाय सोडायची, हातात चहाचा कप घ्यायची आणि त्याच्याकडे बघायची. एवढं त्याला पुरायचं. जगात दुसरं कोणी त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकत नसे, आणि त्याला त्याची गरजही वाटत नसे.

त्याची सगळ्यात लाडकी भाषा म्हणजे ज्यात क्रियापद नामाला गिळून टाकतं. हे त्याने ताईला एकदा फार रंगून सांगितलं होतं. आपण म्हणतो ‘पाणी पी’. पाणी वेगळं, पिणं वेगळं, मध्ये फट. त्याच्या भाषेत फट नाही. पाणी पिण्याच्या पोटात जातं आणि दोघांचा मिळून एकच शब्द होतो.

“मग पाण्याचं काय होतं?” ताईने विचारलं.

हाच प्रश्न यावा म्हणून तो टपून बसला होता. पाणी असतं, पण ‘हे पाणी’, ‘ते पाणी’ असं काही उरत नाही, तो म्हणाला. ग्लास संपला, पाणी प्यायलं, असं त्या शब्दात होत नाही. नुसतं पाणीपिणं चालू राहतं. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही. किती सुंदर आहे ना, असं त्याने दोनदा विचारलं. ताई म्हणाली, सुंदर आहे, पण माझा चहा अजून मराठीतच आहे, तो संपू दे.

ताई तेव्हा शिवणाच्या कारखान्यात होती. तो बंद पडला आणि तिला गावाबाहेरच्या मोठ्या गोदामात काम मिळालं. लोक घरबसल्या वस्तू मागवतात, त्या इथून जातात. लांबच लांब मांडण्या, त्यांवर छतापर्यंत खोकी. मांडणीवरून खोकं काढायचं, गाडीवर ठेवायचं, गाडी सरकत्या पट्ट्यापर्यंत ढकलायची, परत फिरायचं. कुठलं खोकं, कुठे ठेवायचं, हे कानात घातलेल्या हेडफोनमधून एक आवाज सांगायचा. अडचण अशी होती की तिथे कामाला आलेली माणसं चार दिशांची. कोणाला एक भाषा कळे, कोणाला दुसरी, आणि हेडफोन तिसरीच बोले. माणसं उजवीकडे जायच्या ऐवजी डावीकडे जात आणि मुकादम दिवसभर घसा फोडत फिरे.

मॅनेजरबाई हुशार होत्या. त्यांच्या डोक्यात आलं की सगळ्यांनाच नवी अशी एक छोटीशी भाषा करावी. मोजके शब्द, सगळ्यांनी नव्याने शिकायचे, म्हणजे कोणाचं कोणावर वर्चस्व नको. जेवणाच्या सुट्टीत त्या हे बोलत होत्या, आणि कोपऱ्यात बसलेल्या ताईने डबा बंद करता करता सांगून टाकलं, “माझा भाऊ भाषा बनवतो.”

एवढ्या वर्षांत हे वाक्य तिने चारचौघांत पहिल्यांदाच उच्चारलं असेल. घरी येऊन तिने ते पोपटला सांगितलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चष्मा पुसायच्या निमित्ताने तो आत गेला.

सुरुवातीला त्याने साधी, सरळ भाषा केली. खोक्याला ‘दोम’, उचलायला ‘के’, ठेवायला ‘रा’, हाताला ‘शी’, थांबायला ‘ना’. उच्चार सोपे, कोणाचीही जीभ अडखळू नये असे. लोकांनी ते भराभर शिकून घेतले. आवाज कोणाचा घ्यायचा, असा प्रश्न आला. ती भाषा अस्खलित बोलणारा पृथ्वीवर एकच इसम होता, तेव्हा ऑफिसातल्या एका छोट्या खोलीत बसवून पोपटचाच आवाज भरून घेतला. तो इतका खूश होता की त्याने प्रत्येक शब्द जेवणाचं आमंत्रण द्यावं तसा उच्चारला.

नंतर ताई एकदा टबात पाय सोडून बसली असताना म्हणाली, “फार बोलतो रे तो डबा. कान किटून जातात.”

ती इतकंच म्हणाली. ती म्हणजे कोणी तक्रारखोर बाई नव्हे; कारखान्यात सुई बोटात घुसली तरी आधी कापड बाजूला करणारी. पोपटने ते मनावर घेतलं. ताईचे कान किटतात, म्हणजे शब्द जास्त झाले. शब्द जास्त झाले, तर कमी करायला हवेत. आणि शब्द कमी करायची विद्या तर त्याच्या हातचा मळ होती. भाषेवर ज्याचं असं प्रेम असतं त्याला प्रत्येक दुखण्याचं मूळ भाषेतच दिसतं, त्याला कोण काय करणार. ताईच्या पायांकडे, खांद्यांकडे, दोन्ही हातांनी धरलेल्या कपाकडे त्याचं लक्ष गेलं नाही. तो कागद घेऊन बसला आणि त्याने सगळी क्रियापदं आणि सगळी नामं एकमेकांत कालवून टाकली. ‘दोम’ आणि ‘के’ यांचं ‘दोमके’ झालं. ‘दोमरा’ झालं. हात थांबव, याचं ‘शीना’ झालं. रांग, बाजू, गाडी, सगळं क्रियापदांच्या पोटात गेलं. अख्खं वाक्य चुटकी वाजवावी तसं संपू लागलं.

मॅनेजरबाई भलत्याच खूश झाल्या. मास्तर, तुम्ही तर कमाल केलीत, असं त्या म्हणाल्या, आणि नवे शब्द त्याच्याच आवाजात भरून घेतले गेले. दोनाचा एक शब्द झाल्यावर जी जागा वाचली, तिथे पुढचा हुकूम येऊन बसला. हे त्याला कोणी सांगितलं नाही, आणि त्यालाही विचारावंसं वाटलं नाही.

त्यानंतर ताई गप्प होऊ लागली.

आधी त्याच्या लक्षातच आलं नाही, कारण बोलायचं काम त्याच्याकडे असे. ती टबात पाय सोडून बसे, पण बघे भिंतीकडे. तो जास्त रंगात आला की ती उठून भांडी घासायला जाई आणि नळ पुरता सोडी. मग रेडिओ लावू लागली; तोही दोन स्टेशनांच्या मधला, नुसता खरखरणारा. पोपटने विचारलं, माझं काही चुकलं का. ती म्हणाली, काही नाही रे, दमलेय. तो विचारात पडला. आपण पूर्वीसारख्या गमती सांगत नाही म्हणून ताई कंटाळली असेल, असा त्याने निष्कर्ष काढला, आणि गमती वाढवल्या. ती जितकी मिटत गेली तितका तो बोलत गेला. एखाद्याला उकडतंय म्हणून वर गोधडी घालावी, तसा तो प्रकार होता.

एका संध्याकाळी तिने हात वर केला आणि म्हणाली, “पोपट, आज नको.”

दुसऱ्या दिवशीही तेच. मग ती स्वयंपाकघरातच जेवू लागली, त्याच्याकडे पाठ करून. तो बाहेरच्या खोलीत ताट पुढे घेऊन बसे. तिला राग आला आहे हे नक्की, पण कसला, ते त्याला उमगेना. वडील गेले तेव्हा, तिचा नवरा गेला तेव्हा, शाळेने त्याला घरी पाठवलं तेव्हासुद्धा त्या घरात बोलणं बंद पडलं नव्हतं. आता पडलं. त्याला रात्रंदिवस एकच भीती कुरतडू लागली, की ताईसारखं माणूसच आपल्या हातून सुटलं.

एक दिवस मॅनेजरबाईंनी त्याला गोदामात बोलावलं. काही नवे शब्द हवे होते, त्यासाठी काम प्रत्यक्ष बघून घ्या म्हणाल्या. गंमत म्हणजे इतके महिने तो फक्त ऑफिसच्या त्या खोलीपर्यंत गेला होता. गोदामाचं दार त्याने पहिल्यांदाच ओलांडलं.

आत त्याला वाटलं होतं तसला गोंगाट नव्हता. पट्ट्याची घरघर, चाकांचा खडखडाट, बस. माणूस माणसाशी बोलत नव्हतं. दोन मांडण्यांच्या मधल्या बोळातून बायका-पुरुष गाड्या ढकलत जात होते, थांबत होते, उचलत होते, ठेवत होते, आणि सगळ्यांचे चेहरे गाडी चुकलेल्या माणसासारखे. मुकादमाने बोटाने दाखवलं, ती बघा तुमची बहीण. बोळाच्या टोकाला ताई पाठमोरी उभी होती. घरात ती इतकी लहान दिसत नसे.

“ताई,” त्याने हाक मारली.

ती वळली नाही. त्याने जवळ जाऊन पुन्हा हाक मारली. ती खोकं उचलत होती. तिसऱ्यांदा तो अगदी तिच्या पाठीमागे होता, हात लांब केला असता तर खांद्याला लागला असता. तिने खोकं गाडीवर ठेवलं आणि दुसऱ्याला हात घातला. बहिरी झाली की काय, असं त्याच्या मनात आलं, आणि पुढचं तो विचार न करता बोलून गेला. सवय, दुसरं काय.

“शीना.”

ताईचे हात हवेतच थांबले. खोकं अर्धं मांडणीवर, अर्धं बाहेर, आणि तिचे दोन्ही हात त्याच्या खाली तसेच. पलीकडच्या बोळातला एक माणूसही थांबला. ताईने मागे बघितलं नाही. ती पुढच्या शब्दाची वाट बघत उभी राहिली.

पुन्हा तोंड उघडायची पोपटला भीती वाटली. तो वळसा घालून तिच्या शेजारी, तिला दिसेल असा उभा राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि ओळख पटायला तिला क्षणभर वेळ लागला.

“तू खरा आहेस होय,” ती म्हणाली. “मला वाटलं, कानातला.”

त्याने तिच्या हातातलं खोकं काढून खाली ठेवलं. तिच्या डोक्यावरचा हेडफोन काढला, तर तिने अडवलंही नाही. हेडफोन त्याने आपल्या कानाला लावला. आत तो स्वतःच बोलत होता. त्याचाच आवाज, पण त्याने दिला होता त्याहून घाईचा. कोणीतरी मधला श्वास कापून टाकला होता. दोमके. दोमरा. दोमके. जेवणाला बोलावण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

दिवसभर हेच का, असं त्याने विचारलं.

“दिवसभर तूच,” ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “सकाळी आल्यापासून तू. जेवताना तेवढा बंद असतोस. मग घरी येते, तर तिथे पण तू. तुझं काही चुकलं नाही रे. पण तू बोलायला लागलास की माझे हात वर जातात. आवरून धरावे लागतात.”

एवढं बोलून तिने खोक्याकडे हात नेला. पोपटने तिला धरून एका पालथ्या क्रेटवर बसवलं. ती म्हणाली, अरे काम राहील. तो म्हणाला, मी करतो. तिने कपाळाला हात लावला, पण उठली नाही. उठण्याइतकं बळच तिच्यात नव्हतं बहुधा.

मग मास्तर कामाला लागले. स्वतः बनवलेली भाषा, स्वतःचा आवाज, आणि तरी त्यांना काही सुधरेना. एका शब्दाचा अर्थ लागेपर्यंत पुढचा येऊन आदळे. खुर्चीत बसून जे शब्द इतके देखणे वाटले होते, ते इथे मानगुटीवर बसले. ‘दोमके’ ऐकून त्याने खोकं उचललं, ठेवलं, झालं म्हणून पाठ सरळ केली, तर पुन्हा ‘दोमके’. हे खोकं, ते खोकं असं काही नव्हतंच. नुसतं खोकीउचलणं होतं, ज्याला शेवट नव्हता. हा गुण त्याने स्वतः ताईला रंगवून सांगितला होता आणि किती सुंदर आहे ना, म्हणून दोनदा विचारलं होतं. ते आठवून त्याला त्या बोळात, घामाने निथळताना, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“डावीकडे रे, डावीकडे,” ताई क्रेटवरून म्हणत होती. “आता खालचं. ते नव्हे.”

मुकादम येऊन उभा राहिला. हेडफोन असा दुसऱ्याला देता येत नाही, म्हणाला. मग त्याने बसलेल्या बाईकडे पाहिलं, धापा टाकणाऱ्या मास्तरांकडे पाहिलं, आणि मला काही दिसलं नाही असं पुटपुटून निघून गेला. तोही सकाळपासून उभाच होता.

पाळी संपली तेव्हा ताईच्या नावावरचं काम निम्मंही झालं नव्हतं. त्याबद्दल बसलेली बोलणी तिने निमूट ऐकून घेतली. पोपट तसाच, घामेजल्या सदऱ्याने, मॅनेजरबाईंच्या खोलीत गेला. त्याने दोन गोष्टी मागितल्या. शब्द सुटे करा, आणि माझा आवाज काढा. पहिलीला बाईंनी नकारार्थी मान हलवली. अख्खं गोदाम आता त्या शब्दांवर चालतं मास्तर, त्या म्हणाल्या, आणि तुम्हीच तर दिलेत ते. दुसरीला मात्र त्यांची काहीच हरकत नव्हती. नाहीतरी आवाज बदलायचाच होता, लोकांना तोच तोच ऐकून कंटाळा येतो. नव्या शब्दांसाठी आपण येणार नाही, असं त्याने सांगितलं. त्या म्हणाल्या, हरकत नाही, आता रीत कळली आहे, आम्ही जोडून घेऊ.

घरी जाताना बहीणभाऊ एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. त्याला आता कारण ठाऊक होतं, एवढाच काय तो फरक. ताईने काम सोडावं असं त्याला तोंडापर्यंत येत होतं, पण ते म्हणायलाही तोच आवाज वापरावा लागला असता. त्याने बोलायचं सोडून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा. चहा झाला की तो कप वाजवून सांगे. काही विचारायचं असलं तर बोट दाखवी. बोलून बोलून ज्याने घर डोक्यावर घेतलं होतं, तो माणूस भिंतीला पाठ टेकून मुका बसू लागला, आणि ताईने रेडिओ लावायचं बंद केलं. त्या शांततेत तिला बरं वाटत होतं, हे त्याला दिसत होतं. तेच त्याला सोसत नव्हतं.

पुढच्या महिन्यात हेडफोनमधला आवाज बदलला. ताईनेच येऊन सांगितलं. आता एक मुलगी बोलते, म्हणाली. गोड बोलते. तुझ्याहून घाई करते.

त्या संध्याकाळी ती खुर्चीत मागे रेलून बसली होती. खिडकीतून उन्हाचा शेवटचा पट्टा जमिनीवर आला होता. तिने बराच वेळ भावाकडे पाहिलं.

“किती दिवस असा बसणार आहेस?” ती म्हणाली. “मला करमत नाही रे.”

त्याने घसा साफ केला. एवढ्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम वर आलं आणि त्यातलं काय आधी सांगावं ते कळेना, म्हणून समोर दिसलं तेच तो बोलला.

“अगं, तो टॉवेल खाली...”

वाक्य पुरं व्हायच्या आत ताई उठली होती. वाकून तिने टॉवेल उचलला, वळली, आणि शेजारच्या स्टुलावर अगदी कडेला कड लावून ठेवला. मग आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं. दोघंही त्या टॉवेलकडे बघत राहिली. पोपटला हुंदका आला. त्याने तो दाबला नाही. दाबून आता कोणाचं भलं होणार होतं.

ताई परत खुर्चीत बसली. स्वतःचे दोन्ही हात तिने मांड्यांखाली दाबून धरले आणि डोळे मिटले.

“सावकाश बोल,” ती म्हणाली. “शब्द वेगवेगळे ठेव. मध्ये जागा सोड.”

मग तो बोलू लागला. एकेक शब्द सुटा करून, हलकेच, झोपलेल्या घरात पाऊल टाकावं तसा. आज. सकाळी. आपल्या. जिन्यात. एक. काळी. मांजर. प्रत्येक शब्दानंतर तो थांबे आणि तिच्या खांद्यांकडे बघे. आधी ते आक्रसत होते. मग एकदा आक्रसले नाहीत. पिल्लांना. तोंडात. धरून. ताईचा श्वास लांब झाला, मान एका बाजूला कलली, मांड्यांखालचा एक हात सुटून मांडीवर उताणा पडला. वाक्यातलं क्रियापद अजून यायचं होतं. ते ओठांवर आलेलं त्याने तसंच ठेवलं आणि तो तिच्या उघड्या तळहाताकडे बघत गप्प बसला.